एका आकड्याचा टायफॉइड

आषाढात मावळात भाताची लावणी जोरात असते आणि त्याच सुमारास दवाखान्यांपुढची रांगही वाढू लागते. लोणावळ्यापासून तळेगावापर्यंत कोठल्याही आळीत विचारा, कोणीतरी तापाने अंथरुणाला खिळलेले असतेच. दोन-तीन दिवसांत ताप हटला नाही की रक्त तपासायला जाते आणि संध्याकाळी घरी बातमी येते, "टायफॉइड निघाला!"

हा 'निघाला' शब्द मला फार खटकतो. विहीर खणल्यावर पाणी निघते, तसा रक्तातून टायफॉइड निघत नसतो. त्या कागदावर बहुधा विडाल नावाच्या चाचणीचा एक आकडा असतो, १:८० किंवा १:१६०. तेवढ्या एका आकड्यावर रोगाचे नाव ठरवणे आणि प्रतिजैविके सुरू करणे हे मला शास्त्राला धरून वाटत नाही. मी डॉक्टर नव्हे. लोणावळ्याच्या बाजूला महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवणारा मास्तर आहे. परंतु मोजमाप कशाला म्हणावे हा माझ्या विषयातला प्रश्न आहे, आणि विडालचा एकटा आकडा हे अर्धवट मोजमाप आहे, एवढे म्हणण्याचा मला अधिकार आहे असे वाटते.

पावसाळ्यातील तापाची मोठी अडचण अशी, की त्याचे तोंड पाहून त्याचे नाव कळत नाही. हिवताप, डेंग्यू, चिकुनगुनिया, लेप्टोस्पायरोसिस, विषमज्वर म्हणजे टायफॉइड. पहिल्या दोन-तीन दिवसांत सगळ्यांची लक्षणे जवळजवळ सारखीच. अंग मोडून येते, डोके दुखते, जेवण नकोसे होते. जुलै २०२१ मध्ये आपल्याच जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात बेलसर गावी तापाची साथ आली. रक्ताचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत गेले. ही संस्था १९५२ पासून असल्याच कामासाठी पुण्यात आहे. तेथे काय आढळले? पुष्कळांना चिकुनगुनिया, काहींना डेंग्यू, आणि एका स्त्रीला झिका! महाराष्ट्रात नोंदला गेलेला झिकाचा तो पहिला रुग्ण. तापाची साथ एकच, आणि विषाणू तीन. नुसत्या लक्षणांवर विसंबून हे कोणाला सांगता आले असते?

मग खात्री कशी करावी? सर्वांत सरळ मार्ग म्हणजे जंतूला प्रत्यक्ष पाहणे. हिवतापाचा परजीवी १८८० मध्ये लाव्हरान यांनी असाच रक्तात पाहिला. आजही आरोग्यसेवक बोट टोचून काचपट्टीवर रक्त घेतात, त्याचे एक जाड आणि एक पातळ असे दोन लेप करतात. जाड लेपात थोड्या जागेत पुष्कळ रक्त पाहून होते, म्हणून परजीवी आहे की नाही ते कळते. पातळ लेपात तांबड्या पेशी सुट्या सुट्या दिसतात, म्हणून तो व्हायव्हॅक्स की फाल्सिपॅरम ही जात ओळखता येते. रंग दिल्याशिवाय मात्र परजीवी नीट उठून दिसत नाही. त्यासाठी आपल्याकडे वापरला जाणारा जे. एस. बी. रंग हा जसवंतसिंग आणि भट्टाचारजी या भारतीयांनी १९४४ मध्ये तयार केला; स्वस्त आणि झटपट रंग देणारा. शंभर दृष्टिक्षेत्रे नजरेखालून घालायची आणि मगच 'परजीवी आढळला नाही' असे लिहायचे, हा जाड लेपाचा नियम. या कंटाळवाण्या कामाबद्दल मला फार आदर आहे.

परंतु सगळेच काही असे दिसत नाही. सूक्ष्मदर्शक कितीही चांगला असला तरी प्रकाशाच्या तरंगलांबीच्या निम्म्याहून फारसे लहान तपशील तो वेगळे दाखवू शकत नाही. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ०·५५ मायक्रोमीटर; म्हणजे मर्यादा झाली साधारण पाव मायक्रोमीटर. डेंग्यूचा विषाणू ०·०५ मायक्रोमीटरचा. तो दिसत नाही यात भिंगाचा दोष नाही. प्रकाशाचा स्वभावच तसा.

लेप्टोस्पायराची गोष्ट मोठी मजेची आहे. चिखलात उभ्याने काम करणाऱ्यांना, विशेषतः पायाला जखम असली तर, याची भीती असते, कारण उंदरांच्या व गुरांच्या मूत्रातून हा जंतू पाण्यात येतो. तो लांबीला सहा ते वीस मायक्रोमीटर असतो, पण जाडीला फक्त ०·१. नेहमीच्या सूक्ष्मदर्शकात तो हरवतो. आता तुमच्या आजीच्या घराचे कौल आठवा. कौलांच्या फटीतून कवडसा पडतो आणि त्यात धुळीचे कण चमचमताना दिसतात. खोलीतल्या उजेडात तेच कण दिसत नाहीत. का? कवडशात आपण कणाची आकृती पाहत नाही, त्याने विखुरलेला प्रकाश पाहतो, आणि मागे अंधार असतो. प्रयोगशाळेतही हेच करतात. भिंगात सरळ प्रकाश येऊ द्यायचा नाही, बाजूने टाकायचा. काळ्या पार्श्वभूमीवर चंदेरी नागमोडी दोरे वळवळताना दिसतात. मात्र येथेही सावधगिरी हवी. रक्तातील प्रथिनांचे बारीक तंतूही असेच चकाकतात आणि नवख्याला फसवतात. म्हणून रुग्णाच्या रक्तात असा दोरा दिसला एवढ्यावर लेप्टोचे निदान करत नाहीत. आणखी चाचण्यांचा आधार घेतात.

दुसरा मार्ग जंतू वाढवून पाहण्याचा, म्हणजे संवर्धनाचा. एक जंतू दिसणार नाही, पण त्याची कोट्यवधींची वसाहत साध्या डोळ्यांनी दिसते. विषमज्वराची खात्री करायची तर रक्त संवर्धनाच्या बाटलीत घालून ३७ अंश सेल्सिअसला उबवायचे. येथे प्रत्येक पाहुण्याचे पथ्य निराळे. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात गियाँ-बारे विकाराची साथ आली, तेव्हा काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी आढळला. त्याला वाढायला कमी प्राणवायू लागतो आणि ४२ अंशांची उष्णता मानवते. नेहमीच्या पद्धतीने वाढवू गेले तर तो उगवणारच नाही आणि अहवाल निर्दोष येईल. संवर्धनाला दोन-चार दिवस लागतात, क्षयाच्या जंतूला तर कित्येक आठवडे. विषमज्वरातही ते प्रत्येक वेळी साधत नाही. खऱ्या रुग्णांपैकी पुष्कळांच्या बाटलीत काहीच वाढत नाही, आणि आधी प्रतिजैविक घेतले असेल तर शक्यता आणखी घटते. असे असूनही मी त्याला मान देतो, कारण जंतू हाती आला की त्याच्यावर कोणते औषध चालते हेही तपासता येते. एके काळी विषमज्वरावर क्लोरॅम्फेनिकॉल हमखास लागू पडे. पुढे जंतू त्याला दाद देईनात, नंतर सिप्रोफ्लॉक्सॅसिनलाही देईनात. हे कळले ते संवर्धनामुळे. विडालचा आकडा याबाबत मुका आहे.

आता त्या विडालकडे येऊ. फ्रेंच वैद्य फेर्नां विडाल यांनी ती १८९६ मध्ये मांडली. जंतू शरीरात शिरला की रक्तात त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. रुग्णाच्या रक्तद्रवात विषमज्वराचे मृत जंतू मिसळले तर ही प्रतिपिंडे त्यांना एकमेकांना चिकटवतात, गुठळ्या दिसतात. रक्तद्रव सौम्य मिठाच्या पाण्याने (सलाइनने) दुप्पट-दुप्पट पातळ करत जायचा आणि कुठवर गुठळ्या होतात ते पाहायचे. ऐंशीपट पातळ केल्यावरही झाल्या, तर १:८०. म्हणजे विडालमध्ये चोर दिसत नाही, चोरासाठी ठेवलेले पहारेकरी मोजले जातात. आणि पहारेकरी कालच्या चोरासाठी ठेवलेले असू शकतात, दुसऱ्याच कोणासाठीही असू शकतात. पूर्वी होऊन गेलेला विषमज्वर, पूर्वी टोचलेली काही जातींची लस, विषमज्वराच्या जंतूच्या चुलतभावांचा संसर्ग, एवढेच काय काही वेळा हिवतापदेखील आकडा वर नेतो.

आमच्या प्रयोगशाळेत गायगर गणकाचा प्रयोग असतो. किरणोत्सारी पदार्थ जवळ नसतानाही गणक टिकटिकत राहतो, कारण जमिनीतून आणि आकाशातून थोडे किरण येतच असतात. म्हणून विद्यार्थ्याने आधी ही पार्श्वभूमी मोजायची, मग पदार्थ ठेवायचा, आणि नंतर वजाबाकी करायची. पार्श्वभूमी न मोजता आलेला आकडा लिहिला तर आम्ही प्रयोगवहीवर सही करत नाही. ज्या प्रदेशात विषमज्वर नेहमीचा आहे तेथे निरोगी माणसांच्या रक्तातही विडालची अशी पार्श्वभूमी असते. म्हणून शास्त्र सांगते, की पहिल्या नमुन्यानंतर आठ-दहा दिवसांनी दुसरा घ्या आणि आकडा चौपट वाढला का ते पाहा. हा दुसरा नमुना कोण घेतो? तोवर पहिल्या आकड्याने गोळ्या संपलेल्या असतात.

एक काल्पनिक हिशेब करू. तापाचे शंभर रुग्ण आले, त्यांतील पाच जणांना खरोखर विषमज्वर आहे. समजा चाचणीने पाचांपैकी चार बरोबर पकडले, आणि उरलेल्या पंच्याण्णवांपैकी पंधरांचा आकडा पार्श्वभूमीमुळेच चढा आला. म्हणजे 'टायफॉइड निघालेले' एकोणीस. त्यांत खरे चार. उरलेल्या पंधरा जणांचे काय? पुष्कळांचा ताप विषाणूचा असेल, तो आपोआप उतरेल आणि श्रेय गोळ्यांना मिळेल. परंतु त्यांत एखादा लेप्टोचा असला, ज्याची मूत्रपिंडे धोक्यात आहेत, किंवा फाल्सिपॅरम हिवतापाचा, जो मेंदूपर्यंत पोचू शकतो, तर त्याचे मोलाचे दोन-तीन दिवस 'टायफॉइड' या शब्दाने खाल्ले. मला राग येतो तो याचा.

डॉक्टरांना दोष देणे सोपे आहे. विडाल स्वस्त आहे, तासा-दोन तासांत होते. रुग्णाचा रोज बुडालेला असतो आणि त्याला आजच नाव हवे असते. त्यामुळे उपदेशाने हे थांबणार नाही. तालुक्याच्या ठिकाणी रक्तसंवर्धनाची सोय हवी, निदान बाटली पहिल्या गोळीच्या आधी भरून मोठ्या प्रयोगशाळेकडे रोज पोचती होईल अशी व्यवस्था हवी. डेंग्यूसाठी पहिल्या चार-पाच दिवसांत एन. एस. १ आणि नंतर प्रतिपिंडांची चाचणी, हा दिवसांचा हिशेब नमुन्याच्या चिठ्ठीवर लिहिला गेला पाहिजे. पी. सी. आर.चे यंत्र तीस आवर्तनांत एका जनुकखंडाच्या शंभर कोटींहून अधिक प्रती करते, पण चुकीच्या दिवशी घेतलेल्या नमुन्यात जे नाहीच, त्याच्या प्रती ते कोठून आणणार?

शिक्षकांना एक प्रयोग सुचवतो. त्याला रक्त लागत नाही आणि जंतूही लागत नाहीत. पाच परीक्षानळ्या घ्या. पहिलीत वीसपट पातळ केलेली निळी शाई घाला, दुसरीत चाळीसपट, मग ऐंशी, एकशे साठ, तीनशे वीस. शाई गडद असेल तर नळ्या आणखी वाढवा. मागे पांढरा कागद धरून दहा विद्यार्थ्यांना वेगवेगळे बोलवा आणि 'निळा रंग शेवटचा कोणत्या नळीत दिसतो' एवढे विचारा. एकाने सांगितलेले दुसऱ्याला कळू देऊ नका. कोणी एक नळी अलीकडची सांगेल, कोणी पलीकडची. एका नळीचा फरक म्हणजे दुपटीचा फरक. दोन नळ्या सरकल्याशिवाय, म्हणजे चौपट वाढ झाल्याशिवाय, विडालचे खरेखुरे वाढणे का मानत नाहीत ते मुलांना फळ्यावरच्या त्या दहा आकड्यांवरून काढायला सांगा.