दुष्काळातला तेरावा महिना

'दुष्काळात तेरावा महिना' ही म्हण मी गेली वीस वर्षे वर्गात समजावून देत आलो आहे. आधीच अन्नान्न दशा, त्यात अधिक मास येऊन वर्ष एका महिन्याने लांबते. एवढे सांगितले की माझे काम संपे. गेल्या वर्षी मात्र ही म्हण थेट माझ्याच घरी मुक्कामाला आली. आषाढात आईला अर्धांगवायू झाला. ती इस्पितळात असतानाच सौभाग्यवतीच्या पोटाची शस्त्रक्रिया ठरली आणि त्याच आठवड्यात धाकट्या भावाची नोकरी गेली. सकाळी एक इस्पितळ, दुपारी कॉलेज, संध्याकाळी दुसरे इस्पितळ आणि रात्री उत्तरपत्रिकांचा गठ्ठा, असा माझा दिनक्रम झाला.

अशा वेळी माणसे येतात आणि धीर देऊन जातात. "काळजी करू नका, सगळं ठीक होईल," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले की, समोरच्याने तोंड उघडण्यापूर्वीच मी मान डोलवू लागलो. आमच्या खालच्या मजल्यावर रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. सारी इमारत त्यांना गार्डसाहेब म्हणते. ते ख्रिस्ती आहेत. रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून देवळात जातात आणि नाताळात आमच्याकडे करंज्यांचे ताट पाठवतात. तेही आले, खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "सर, मी रोज प्रार्थना करतोय. उद्यापासून डबा कितीजणांचा आणू?"

दोन वाक्ये, मध्ये श्वाससुद्धा घेतला नाही! पहिल्या वाक्याने मी मनातल्या मनात चडफडलो. दुसऱ्याला मात्र "तिघांचा" असे मुकाट्याने उत्तर दिले.

डबा वेळेवर येऊ लागला. एके रात्री आईचा ताप उतरेना, म्हणून मी इस्पितळाच्या जिन्यात डोके धरून बसलो होतो. रिकामा डबा न्यायला आलेले गार्डसाहेब माझ्याजवळ पायरीवर टेकले. माझी जीभ घसरली. "गार्डसाहेब, खरं सांगा, प्रार्थना करून मागितलेलं मिळतं का हो?" विचारले आणि तीच जीभ चावली. चार वर्षांपूर्वी त्यांचा कर्ता मुलगा गेला होता. सहा महिने ते त्याच्या खाटेशी गुडघे टेकत होते, हे आमच्या इमारतीत सर्वांना ठाऊक होते.

ते रागावले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "मला नाही मिळालं, सर. पण मागायला जागा राहिली. ती नसती, तर त्या रात्रीनंतर मी उठलोच नसतो." मग जरा थांबून म्हणाले, "आमची आजी केडगावची. दुष्काळातली पोर. बाईंनी मध्य प्रांतातून आणलेली. मरेपर्यंत उशाशी भाकरीचा तुकडा ठेवून झोपायची. पण दारात कुणी आलं, की तोच तुकडा आधी पुढे करायची."

बाई म्हणजे पंडिता रमाबाई. त्यांच्यावर मी व्याख्याने दिली आहेत. सनावळ्या मला पाठ आहेत. पण त्या रात्री घरी येऊन १९०७ सालचे त्यांचे छोटेसे आत्मनिवेदन काढले, ते व्याख्यानासाठी नव्हे. आणि वाचताना एक गोष्ट प्रथमच ध्यानात आली. या बाईने दुष्काळ दोनदा पाहिला होता.

पहिला त्यांच्या सोळाव्या वर्षी. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराण सांगत तीर्थोतीर्थी फिरत. दुष्काळ आला. देव प्रसन्न व्हावा म्हणून होते नव्हते ते दानधर्मात गेले, उपासतापास झाले, शेवटी पाने खाण्याची पाळी आली. भीक मागायची नाही आणि मजुरी कधी केलेली नाही, अशा कोंडीत शास्त्रीबुवांनी जलसमाधीचा निश्चय केला. मुलाने मजुरी करीन म्हणून त्यांना थांबवले. पण ते थोड्याच दिवसांत गेले. हे १८७४ साल. त्यामागोमाग काही महिन्यांत आई गेली आणि मग थोरली बहीण. उरलेली दोघे भावंडे पायी हिंदुस्थान तुडवीत निघाली. पंजाबात झेलमच्या काठी थंडीने जीव जाऊ नये म्हणून त्यांनी वाळूत खड्डे खणले आणि गळ्यापर्यंत वाळू ओढून रात्र काढली. पुढे १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पती पटकीने गेला. तेविसाव्या वर्षी कडेवर लहानगी मनोरमा, आणि बाकी कोणी नाही! १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली.

त्या धर्मांतरावरून महाराष्ट्रात जे वादंग झाले, ते मी येथे उकरीत नाही. पण श्रद्धा म्हणजे सुखाचा सौदा, असे कोणी समजू नये. १८९३ मध्ये पुण्यात त्यांच्या शारदा सदनातून कितीतरी पालकांनी मुली काढून नेल्या. आणि बाई देवापुढे नमत, म्हणजे कुणापुढेही नमत असे नाही. इंग्लंडातल्या मिशनरी भगिनींशीही धर्ममतांवरून त्यांनी पत्रातून कडकडून वाद घातले.

दुसरा दुष्काळ १८९६-९७ चा. सदनाला अमेरिकेतून दहा वर्षे मिळायच्या मदतीची मुदत संपत आली होती आणि केडगावची फळबाग नुकतीच लावलेली होती. हातात काही नसताना बाई मध्य प्रांतात गेल्या आणि तेथून सुमारे तीनशे मुली-बायका घेऊन आल्या. पुण्यात प्लेग; नव्या मुली शहरात ठेवायला सरकारची बंदी. मग केडगावच्या माळावर छपऱ्या उभ्या राहिल्या. १९०० च्या दुष्काळानंतर तर तेथे जवळजवळ दोन हजार जीव होते. दोन हजार माणसांना रोज पीठ किती लागते, याचा हिशेब घरातल्या गृहिणींनी करून पाहावा. बाई पहाटे उठून प्रार्थना करीत, आणि नंतर दळण, विहीर, हातमाग, छापखाना, शाळा!

पाऊस पहिल्या दुष्काळात पडला नाही, तसा दुसऱ्यातही पडला नाही. फरक पडला तो बाईंमध्ये. पहिल्या वेळी सारे कुटुंब चमत्काराची वाट पाहत बसले होते. दुसऱ्या वेळी वाट पाहणारे दुसरे कोणी असेल, असे म्हणून बाई उठून गेल्या. गंमत अशी की, मरणाआधी वडिलांनी तिला जवळ घेऊन सांगितले होते, मी तुला देवाच्या हाती दिले आहे, जन्मभर त्याचीच सेवा कर. तो शब्द त्या विसरल्या नाहीत. वडिलांचा आणि मुलीचा देव निराळा म्हणावा की एक, हे ठरवण्याचा अधिकार माझ्यासारख्या मास्तराला नाही.

१९२१ मध्ये मनोरमाही गेली. बाई तेव्हा हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलाचे सोप्या मराठीत भाषांतर करीत होत्या. ते काम पुरे करून ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. मुलगी परत मिळाली नाही. काम मात्र थांबले नाही.

आमची आई घरी आली. उजवा हात अजून चालत नाही. सौभाग्यवती बरी आहे, भावाला लहानशी का होईना, नोकरी मिळाली आहे. हे प्रार्थनेने झाले असे मी म्हणत नाही. गार्डसाहेबही म्हणत नाहीत.

यंदा उन्हाळ्यात त्यांची पत्नी घसरून पडली, पाय मोडला. मी खाली गेलो. प्रार्थनेचे वाक्य तोंडातून निघेना. ज्याला सवय नाही त्याने ते उच्चारणे मला खोटे वाटले. म्हणून दुसरेच विचारले, "डबा कितीजणांचा आणू?"

ते हसले. "दोघांचा. पहिलं वाक्य माझ्याकडेच राहू द्या."

ते मी त्यांच्याकडेच ठेवले आहे. पण त्या जिन्यात बसायची वेळ पुन्हा आली, तर ते उसने मागायला मी लाजणार नाही.