पहिल्या पिढीचे घड्याळ आणि आपला खिसा

शाळेत शिकवणाऱ्या माणसाला सल्ला विचारणारे पुष्कळ भेटतात. पूर्वी विचारायचे, "सर, डीएड करू की बीएड?" आता विचारतात, "सर, कोणता फोन घेऊ? कोणते घड्याळ घेऊ?" अलीकडे दोन माजी विद्यार्थ्यांनी जवळपास सारखाच प्रश्न विचारला. एकाला पुण्यात अ‍ॅपलचे अगदी पहिले घड्याळ, म्हणजे २०१५ चे, जुन्या बाजारात स्वस्तात मिळत होते. दुसऱ्याला एका नव्या कंपनीचे पहिलेच स्मार्टवॉच ईदच्या आधी हप्त्यावर घ्यायचे होते. दोघांचेही पगार वीस हजारांच्या आत. म्हणून हा प्रश्न केवळ हौसेचा नाही, घरखर्चाचा आहे.

माझे मत आधीच सांगतो. पहिल्या पिढीचे यंत्र बेतास बात कमाईच्या माणसाने घेऊ नये. ते वाईट असते म्हणून नव्हे. ते नेमके कशासाठी आहे हे त्या वेळी बनवणाऱ्यालाही पुरते कळलेले नसते म्हणून. ते शोधण्याचा खर्च पहिले गिऱ्हाईक भरते आणि त्याचा फायदा तिसऱ्या-चौथ्या गिऱ्हाइकाला मिळतो.

याला पुरावा त्याच अ‍ॅपल घड्याळाचा. ते भारतात ६ नोव्हेंबर २०१५ ला, दिवाळीच्या तोंडावर, विक्रीला आले. सर्वांत स्वस्त मॉडेल ३०,९०० रुपयांचे होते. त्याला स्वतःचे जीपीएस नव्हते, ते फोनकडून उसने घ्यावे लागे. फोनही आयफोनच हवा. तेव्हा त्याचा प्रचार दागिन्यासारखा झाला. १८ कॅरेट सोन्याची आवृत्तीसुद्धा निघाली होती, तिची किंमत १० हजार डॉलरपासून सुरू होत असे. मग सप्टेंबर २०१६ मध्ये दुसरी पिढी आली. तिच्यात जीपीएस होते, ती घालून पोहता येत होते आणि जाहिरातीत दागिना मागे पडून व्यायाम पुढे आला. २०१८ मध्ये चौथ्या पिढीत ईसीजी आणि माणूस पडल्याचे ओळखणारी सोय आली. भारतात तो ईसीजी २०१९ मध्ये सुरू झाला. आज कोणी म्हाताऱ्या आईसाठी किंवा हृदयाचा त्रास असलेल्या वडिलांसाठी असे घड्याळ घेतो तेव्हा ज्या कारणाने घेतो, ते कारण पहिल्या पिढीत नव्हतेच. दागिन्यापासून दवाखान्यापर्यंत पोहोचायला घड्याळाला तीन वर्षे लागली.

आणि त्याच २०१८ मध्ये पहिल्या पिढीला नवे सॉफ्टवेअर मिळणे बंद झाले. नोव्हेंबर २०१५ मध्ये घेतलेल्या घड्याळाला तीन वर्षेही पुरी झाली नव्हती. हिशेब करा. ३०,९०० रुपये आणि साधारण ३४ महिने, म्हणजे महिन्याला नऊशे रुपये. घड्याळ त्या दिवशी बंद पडले नाही हे खरे, पण पुढच्या सुधारणा त्याच्यासाठी नव्हत्या. सोन्याच्या घड्याळाचेही तेच झाले. ते सराफाकडे नेले तर सोन्याचे दाम मिळतील, घड्याळाचे नाही.

हे एकाच कंपनीचे दुखणे नाही. सॅमसंगचे गॅलक्सी गिअर सप्टेंबर २०१३ मध्ये आले, ते सुरुवातीला त्यांच्याच एका फोनशी जुळत असे. सहा महिने होत नाहीत तोच पुढचे मॉडेल जाहीर झाले आणि त्यातली कार्यप्रणालीच वेगळी होती. पेबल नावाच्या घड्याळासाठी तर २०१२ मध्ये जवळपास ६९ हजार लोकांनी वस्तू तयार होण्याआधीच पैसे भरले. घड्याळ चांगले होते, बॅटरी बरेच दिवस टिकायची. तरी डिसेंबर २०१६ मध्ये कंपनीने दुकान बंद केले आणि २०१८ च्या जूनअखेर तिच्या सर्व्हरवरच्या सेवाही थांबल्या. काही हौशी तंत्रज्ञांनी स्वतःच्या बळावर ती घड्याळे चालू ठेवली, ही त्यांची मेहरबानी.

योगायोग असा की एचएमटीचा घड्याळ कारखाना बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने त्याच वर्षी, जानेवारी २०१६ मध्ये घेतला. बंगळूरला १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने तो सुरू झाला होता. आपल्याकडे लग्नात जावयाच्या मनगटावर जे घड्याळ यायचे, ते बहुधा याच कारखान्यातले. कारखाना गेला, पण चावीचे 'जनता' आजही चालते, कारण त्याला फक्त रोज चावी लागते आणि बिघडले तर दुरुस्त करणारा हात लागतो. तो हात पंढरपुरात स्टेशन रोडवर सापडतो, सोलापुरात सापडतो. एकाच वर्षी दोन कंपन्या मिटल्या. एकीचे घड्याळ दुकानदाराच्या भिंगाखाली अजून दुरुस्त होते, दुसरीचे दूरच्या सर्व्हरवर अवलंबून राहिले. नवी वस्तू घेताना मी हाच फरक आधी पाहतो: कंपनी उद्या मिटली तर ही वस्तू माझी राहील का?

आता आपल्या रोजच्या गरजेकडे येऊ. मराठी आणि उर्दू दोन्ही शिकवताना मला या शब्दाची गंमत वाटते. मराठीतली घटका, मराठीतले घड्याळ आणि उर्दूतली घडी एकाच घराण्यातले शब्द. घटका म्हणजे २४ मिनिटे. घडी म्हणजे यंत्रही आणि क्षणही. वेळ पाहणे आपल्याला नवे नाही. पाच वेळच्या नमाजी माणसाचा तर सगळा दिवस वेळेवर बांधलेला.

इथे एक भूगोल लक्षात घेण्यासारखा आहे. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाची. पंढरपूर साधारण ७५.३ अंशांवर, मुंबई ७२.९ च्या आसपास. एका अंशाला चार मिनिटे धरली तर पंढरपुरात सूर्य मुंबईपेक्षा सुमारे दहा मिनिटे आधी डोक्यावर येतो. म्हणून मुंबईचे वेळापत्रक इथे लावले तर इफ्तार उगाच उशिरा होईल, आणि सहर संपल्यावरही माणूस खात बसेल, हे जास्त गंभीर. ठिकाण ओळखून वेळ सांगणारे घड्याळ इथे खरोखर उपयोगी पडू शकते. पण पहिल्या पिढीला ठिकाण फोनकडूनच कळायचे. मग फोनच का पाहू नये? आणि गावच्या मशिदीत लावलेला तक्ता तर फुकट आहे.

बॅटरीचेही तसेच. पहिल्या अ‍ॅपल घड्याळाची बॅटरी १८ तास चालते, असे कंपनीच सांगत होती. २०१६ चा रमजान जूनमध्ये सुरू झाला होता. पहाटे पावणेचारला सहरसाठी उठा आणि रात्री दहाला तरावीह संपवून घरी या, १८ तास झाले. म्हणजे दिवसभर वेळ सांगणारे घड्याळ नेमके रात्री झोपते, आणि पुढच्या सहरला उठवायचे काम पुन्हा फोनकडे किंवा अम्मीकडे. अम्मीला चार्जर लागत नाही.

यावर कोणी म्हणेल, पहिले कोणीच घेतले नाही तर दुसरे येणार कसे? प्रश्न रास्त आहे. कोणीतरी पहिल्यांदा घेतलेच पाहिजे. पण ज्याच्या खिशाला ३० हजारांचा प्रयोग झेपतो त्याने तो करावा, आणि आपण त्याला दुआ द्यावी. ज्याच्या घरात बहिणीची फी, वडिलांची औषधे आणि भाडे एकाच पगारातून निघते, त्याने कंपनीच्या प्रयोगाचा भार उचलू नये. थांबणे म्हणजे मागे राहणे नव्हे. तिसऱ्या वर्षी तीच सोय बहुतेकदा कमी पैशांत आणि जास्त पक्की मिळते.

राहिला हप्त्याचा मुद्दा. "व्याज नाही, नुसते हप्ते आहेत," असे दुकानदार सांगतो आणि आपल्या मुलांना वाटते, मग काही हरकत नाही. पण सप्टेंबर २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेनेच बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज ही कल्पनाच अस्तित्वात नाही. 'नो कॉस्ट ईएमआय'मध्ये बहुधा बँक व्याज घेते आणि तेवढी सूट विक्रेता देतो. क्रेडिट कार्डावर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटीही लागतो. शरियतच्या दृष्टीने त्याचा मसला काय, ते आलिमांना विचारा, मी शिक्षक आहे. मी फक्त कागद वाचायला सांगतो. कागदावर व्याजाचा रकाना असेल तर व्याज आहे. आणि रोखीने घेणार असाल तर तीच सूट मला का नाही, हे दुकानदाराला जरूर विचारा.

दोन्ही मुलांना मी एवढेच विचारायला लावले. हे घड्याळ मला असे काय सांगेल जे मला आज कळत नाही? माझ्या फोनशी ते जुळते का? त्याला अजून किती वर्षे सॉफ्टवेअर मिळेल? बॅटरी गेली तर जिल्ह्यात कोण बदलून देईल? आणि हे पैसे घरात आणखी कोणाच्या वाट्याचे आहेत? पहिला दुसऱ्याच प्रश्नाला थांबला, कारण त्याचा फोन अँड्रॉइड होता. दुसरा शेवटच्या प्रश्नाला थांबला, आणि मला त्याचा जास्त अभिमान वाटला.

इस्राफ म्हणजे केवळ उधळपट्टी नव्हे. गरज कळण्याआधी खर्च करणे हाही इस्राफच. बाजार आपल्याला घाई करायला सांगतो, कारण घाईतच त्याची कमाई आहे. सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर पायी चालून इथे येणारा वारकरी कोणतेही स्मार्टवॉच न घालता आषाढीला वेळेवर पोहोचतो. यंत्राला विरोध म्हणून हे सांगत नाही. चांगले यंत्र येऊ द्या, टिकू द्या, स्वस्त होऊ द्या, मग खुशाल मनगटावर बांधा. तोवर हातातली वेळ आपलीच आहे, तिला चार्जिंग लागत नाही.