सूर्यफूल कुलातील द्रव्ये आणि आपली नामशिस्त

चिकित्सेच्या चतुष्पादात वैद्याच्या खालोखाल द्रव्याला स्थान आहे. निदान अचूक असावे, योग उत्तम निवडावा, अनुपान विचारपूर्वक सांगावे आणि पुडीत मात्र भलतेच द्रव्य असावे, याहून मोठी विटंबना कोणती? द्रव्यसंकराची चर्चा आपल्याकडे बहुधा भेसळखोर व्यापाऱ्यापाशी येऊन थांबते. प्रस्तुत लेखकाचे मत थोडे निराळे आहे. यातील बराचसा घोटाळा आपण स्वतःच, नावाच्या बाबतीतील शैथिल्यामुळे, निर्माण करीत असतो.

स्वानुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी कृमिरोगाच्या रुग्णांसाठी मी एका काष्ठौषधी व्यापाऱ्याकडे ‘सोमराजी चूर्ण’ मागविले. माझ्या मनात कडू कारळे होते. आले ते बावचीचे वस्त्रगाळ चूर्ण. वास निराळा वाटल्याने चिकित्सालयातील सहकाऱ्याने शंका घेतली आणि पुड्या बांधणे थांबले. ज्या रुग्णाला ते चूर्ण प्रथम द्यावयाचे होते तो दिवसभर उन्हात राबणारा शेतमजूर होता. बावची सेवन करून उन्हात वावरल्यास त्वचेवर दाह व फोड येऊ शकतात, हे वाचकांस सांगावयास नको. दोष कोणाचा? व्यापाऱ्याने पाठविलेली बावची ही निघंटूंनुसार सोमराजीच होय. कडू कारळ्यालाही अनेक ग्रंथांत सोमराजी म्हटले आहे. दोष माझ्या मागणीपत्राचा होता.

ही दोन द्रव्ये एका कुलातीलही नाहीत. बावची शिंबी कुलातील, तर कडू कारळे सूर्यफूल कुलातील. या कुलाची मुख्य खूण अशी की, ज्याला आपण एक फूल समजतो ते वस्तुतः अनेक लहान पुष्पकांचे स्तबक असते. मध्यभागी बिंबपुष्पके आणि अनेक जातींत कडेने किरणपुष्पके. काही जातींत, उदाहरणार्थ गोरखमुंडीत, किरणपुष्पके नसतातच. ज्याला आपण बी म्हणतो ते या कुलात एकबीजी शुष्क फळ असते. जगभरात या कुलाच्या वीस हजारांहून अधिक जाती आहेत. ठेवण इतकी सारखी आणि जाती इतक्या विपुल, म्हणूनच येथे ओळखीत गफलत होण्याचा संभव अधिक.

देशी नावांवर विसंबावे तर तेथेही अडचण आहे. ‘कडू’ हे विशेषण गळाले की कडू कारळ्याचे कारळे होते, आणि कारळे म्हणजे चटणीचे, तेलाचे खुरासणी. गंमत अशी की तेही सूर्यफूल कुलातीलच. कोणी कडू कारळ्यास काळे जिरे म्हणतो, तेव्हा दुकानदार शहाजिरे अथवा कलौंजी पुढे करतो. अक्कलकऱ्याचेही तसेच. शास्त्रसंमत आकारकरभाचे मूळ एका वनस्पतीचे, आणि आपल्याकडे ज्याची पिवळी बोंडे चघळल्यावर जीभ चुणचुणते ती वनस्पती वेगळी. दोन्ही याच कुलातल्या, दोन्हींचे व्यवहारातील नाव एकच.

भृंगराजाचे उदाहरण प्रत्येक तेल बनविणाऱ्या औषधनिर्माणशाळेने लक्षात ठेवावे. माक्याची फुले पांढरी, पाने समोरासमोर, आणि पान चुरडले असता रस काळा पडतो. पिवळ्या फुलांचा पीतभृंगराज ही निराळी जाती. तिचाही काही प्रांतांत वापर होतो व त्यास परंपरा आहे. परंतु हल्ली बागांतून, रस्त्यांच्या दुभाजकांवर जी पिवळ्या फुलांची, त्रिखंडी पानांची वेल जमीन झाकून टाकते, ती मूळची उष्ण कटिबंधीय अमेरिकेतील शोभेची वनस्पती होय. ती पीतभृंगराजाची सगोत्र असली तरी आपल्या कोणत्याही संहितेतील भृंगराज नव्हे. वाळवून गठ्ठ्यात बांधल्यावर हा भेद सहज ध्यानात येत नाही.

यावर आक्षेप घेतला जातो की, वनस्पतिशास्त्रीय नावेही कोठे स्थिर आहेत? आक्षेपात तथ्य आहे. माका फार्माकोपियात एक्लिप्टा आल्बा आहे, वनस्पतिशास्त्रज्ञ आता त्याला एक्लिप्टा प्रोस्ट्राटा म्हणतात. कडू कारळे व्हर्नोनिया होते, सेंट्राथेरम झाले, आता बॅकरॉइडिस आहे. सहदेवीही व्हर्नोनियातून सायँथिलियममध्ये गेली. पण हे बदल लहरीखातर होत नाहीत. लिनियसने १७५३ मध्ये ज्यांना दोन जाती मानून आल्बा व प्रोस्ट्राटा अशी नावे दिली, त्या एकच ठरल्या, तेव्हा एक नाव राखून दुसरे सोडणे प्राप्तच होते. बॅकरॉइडिस या ‘नव्या’ नावाबद्दल आपण कुरकुरतो, परंतु कडू कारळ्याला ते नाव १७९४ मध्येच दिले गेले होते. शिवाय वनस्पतिशास्त्रात जुन्या नावावरून नव्या नावाकडे जाण्याची वाट नोंदलेली असते. ‘सोमराजी’ या शब्दावरून मागणी करणाऱ्याच्या मनातील द्रव्याकडे जाण्याची अशी वाट नाही.

नावाच्या अज्ञानाची झळ कायद्याच्या अंगानेही पोहोचते. आपला कुष्ठ फार्माकोपियात सॉसुरिया लप्पा आहे. वन्य जाती व्यापारविषयक आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात तो १९८५ पासून आहे, पण तेथे नाव सॉसुरिया कॉस्टस. अलीकडील काही सूचींत तोच डोलोमियाया कॉस्टस झाला आहे. तीन नावांची वनस्पती एकच, हे ठाऊक नसलेला औषधनिर्माता निर्यातीच्या वेळी अनवधानाने अडचणीत येऊ शकतो.

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात म्हटले आहे की वनस्पतींचे नाव व रूप गुराखी आणि वनवासीही जाणतात, पण तेवढ्याने औषधाचे पूर्ण ज्ञान होत नाही. आज आपली स्थिती अशी की नाव उरले आहे आणि रूप हातून निसटले आहे.

म्हणून काही सूचना. तयार औषधाच्या वेष्टनावर वनस्पतिशास्त्रीय नाव देण्याचे बंधन आहेच. तीच शिस्त कच्च्या मालाच्या मागणीपत्रात व बिलात आणावी. संस्कृत नाव, स्थानिक नाव, वनस्पतिशास्त्रीय नाव आणि उपयुक्त अंग, ही चारही लिहावीत. नाव बदलले असल्यास फार्माकोपियातील नाव कायम ठेवून पुढे नवे नाव द्यावे. शक्य तेथे चूर्ण न घेता अखंड द्रव्य घ्यावे, आणि प्रत्येक खरेदीतील मूठभर नमुना तारखेसह बरणीत जपावा. वर्षातून एकदा पावसाळ्याअखेरीस जवळच्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राच्या अध्यापकांसह शिवारात जाऊन माका, सहदेवी, गोरखमुंडी यांचे नमुने स्वतः दाबून ठेवावेत. यास खर्च नगण्य आहे.

माझ्या टेबलावर आज कडू कारळे व बावची यांच्या दोन लहान बाटल्या शेजारी शेजारी आहेत. मागणीपत्र लिहिताना त्यांकडे पाहण्याची मी सवय लावून घेतली आहे. वैद्यबंधूंनी व औषधनिर्मात्यांनी अशी सवय रुग्णावर प्रसंग ओढवण्यापूर्वीच लावून घ्यावी, ही नम्र विनंती.