सीमेवरचा फलक कोणासाठी?

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात तरंगंबाडीहून समुद्रकाठाने दक्षिणेस नागपट्टिनमकडे जाणारा महामार्ग वाटेत तमिळनाडू राज्य सोडतो आणि थोड्याच वेळात पुन्हा तमिळनाडूत शिरतो. मधला मुलूख कारैकलचा. सुमारे १६० चौरस किलोमीटरांचा हा जिल्हा पुदुच्चेरी या केंद्रशासित प्रदेशात मोडतो, आणि त्याचा कारभार चालतो ते पुदुच्चेरी शहर उत्तरेला सव्वाशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. सीमेच्या अलीकडे भातखाचरे आहेत, पलीकडेही भातखाचरेच आहेत. अलीकडे तमिळ बोलली जाते, पलीकडेही तमिळच. एका सरकारची हद्द संपून दुसऱ्याची सुरू झाली, हे वाटसरूला कळते ते रस्त्याकडेच्या फलकावरून.

असा फलक ही वरवर पाहता बांधकाम खात्याची किरकोळ बाब वाटते. परंतु पुढचा, म्हणजे शेजारच्या राज्यातला, रस्ता कोठे जातो हे कोणी सांगायचे, कोणत्या भाषेत सांगायचे आणि कोणासाठी सांगायचे, या तीन प्रश्नांत केंद्र-राज्य संबंधांचा, भाषांच्या समानतेचा आणि कष्टकऱ्यांच्या ऐक्याचा प्रश्न सामावलेला आहे. त्याकडे कामगारवर्गाच्या पक्षाने दुर्लक्ष केले, तर तो फलक प्रतिगाम्यांच्या हाती जातो.

ही सीमा आली कोठून? ती शेतकऱ्यांनी आखलेली नाही आणि भाषेनेही आखलेली नाही. १७३९ मध्ये फ्रेंचांनी कारैकल तंजावरच्या राजाकडून मिळवले. तो राजा भोसले कुळातला, मराठी बोलणारा होता. वारसाहक्काच्या भांडणात अडकलेला दरबार आणि बंदरासाठी हपापलेली व्यापारी कंपनी यांच्या सौद्यातून एक तमिळ मुलूख परक्या सत्तेखाली गेला. १ नोव्हेंबर १९५४ रोजी तो प्रत्यक्षात भारतात आला आणि १९६२ मध्ये हे हस्तांतर कायद्याने पूर्ण झाले. फ्रेंच गेले, मात्र त्यांची रेघ राहिली. म्हणूनच तमिळ मुलखातले पुदुच्चेरी आणि कारैकल, केरळच्या किनाऱ्यावरचे माहे आणि आंध्रातले यानम हे दूरदूर विखुरलेले चार तुकडे आजही एकाच प्रशासनाखाली आहेत.

कावेरीच्या पाण्याला ही रेघ ठाऊक नाही. कुंभकोणमवरून वाहत येणारी अरसलार नदी कारैकलपाशी समुद्राला मिळते. २००७ च्या अंतिम निवाड्यात कावेरी लवादाने पुदुच्चेरीच्या वाट्याला ७ अब्ज घनफूट पाणी दिले. सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०१८ च्या निकालात तो वाटा तसाच ठेवला आणि कर्नाटकाने बिळिगुंडलू येथे तमिळनाडूसाठी सोडावयाचे पाणी १९२ वरून १७७.२५ अब्ज घनफुटांवर आणले. कारैकलचे शेत कालव्याच्या अगदी शेवटी आहे. मेट्टूरचे दरवाजे उघडण्यास उशीर झाला की तंजावर, तिरुवारूर आणि नागपट्टिनमचा शेतकरी अडचणीत येतो, आणि कारैकलचा शेतकरी त्याच संकटाच्या शेपटाला असतो. संकट एक, मात्र गाऱ्हाणे घेऊन जाण्याची सरकारे दोन.

रस्त्याचेही असेच होते. राष्ट्रीय महामार्गाचा क्रमांक सीमा ओलांडून पुढे चालू राहतो. राज्यमार्गांना मात्र प्रत्येक राज्य आपापले क्रमांक देते, आणि त्यामुळे सीमेवर एक क्रमांक संपतो व त्याच डांबराला पुढे दुसरी ओळख मिळते. खात्याने आपल्या हद्दीपुरताच विचार केला, तर फलकावर शेवटचे नाव आपल्याच शेवटच्या गावाचे येते. पलीकडचे इस्पितळ, पलीकडची बाजारपेठ, पलीकडचा रस्ता यांविषयी फलक मुका राहतो. ज्याच्याजवळ मोटार आहे त्याला वाट दाखवणारी यंत्रे आता मोटारीतच मिळतात. फलकावाचून ज्याचे अडते तो अनोळखी मुलखात भाताचा ट्रक नेणारा चालक, बसमधून उतरून पुढची वाट शोधणारा मजूर, रात्री रुग्णाला घेऊन निघालेले कुटुंब.

एका मालाच्या पाट्या मात्र अशा सीमांवर कधी कमी पडल्या नाहीत. पुदुच्चेरीत मद्यावरचा कर पुष्कळ वर्षे तमिळनाडूपेक्षा कमी राहिल्यामुळे कारैकलच्या वेशींवर दारूच्या दुकानांची गर्दी झाली. १५ डिसेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महामार्गांलगतच्या दारूविक्रीवर बंधने घातली. दारू कोठे मिळते हे सांगणारे फलक आणि जाहिराती महामार्गांवरून काढून टाका, असेही त्याच आदेशात सांगावे लागले. नफ्याचा माल सीमेपलीकडे कोठे मिळतो हे सांगण्याची तत्परता बाजारापाशी असते. पलीकडे मजुरीचा दर काय आणि दाद कोठे मागायची, हे सांगणारी पाटी कोणीही उभारत नाही.

या उणिवेची किंमत याच त्रिभुज प्रदेशाने रक्ताने मोजली आहे. १९४० च्या दशकात पूर्व तंजावरच्या दलित शेतमजुरांना जमीनदार चाबकाने फोडून काढीत आणि शेण कालवलेले पाणी पाजीत. त्यांची संघटना बांधण्यासाठी आलेले कॉ. बी. श्रीनिवास राव हे कानडी मुलखातले होते. परक्या भाषेच्या गावांत ते राहिले, तेथल्या लोकांचे झाले आणि १९६१ मध्ये त्याच लढ्यात असताना त्यांचे निधन झाले. त्यांची मातृभाषा कोणती, हे तंजावरच्या शेतमजुराने विचारले नाही. हा माणूस मालकाच्या बाजूला आहे की मजुराच्या, एवढेच त्याने पाहिले.

पुढे २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री कीळवेण्मणी गावात ४४ दलित माणसांना, बहुतांशी स्त्रियांना आणि मुलांना, एका झोपडीत जिवंत जाळण्यात आले. मूठभर अधिक भात मजुरी म्हणून मागणे आणि लाल बावटा न सोडणे, हा त्यांचा अपराध. स्थानिक मजूर एकजुटीने उभे राहिले की बाहेरून मजूर आणायचे, हे त्या काळात जमीनदारांचे आवडते हत्यार होते. या हत्याकांडानंतर तमिळनाडूत १९६९ चा शेतमजूर रास्त मजुरी कायदा झाला, परंतु तो लागू झाला तो पूर्व तंजावरपुरताच. रस्ता पुढे कारैकलमध्ये जात होता. कायदा अलीकडेच थांबला. आणि १९७३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने आरोपी जमीनदारांना निर्दोष सोडले.

मजूर सीमा ओलांडतो आणि त्याचे संरक्षण सीमेवरच राहते, हाच भांडवलदार-जमीनदार वर्गाला सोयीचा बंदोबस्त आहे. आज तर त्रिभुज प्रदेशात भातलावणीसाठी पश्चिम बंगाल आणि बिहारमधून मजुरांच्या टोळ्या येतात. मार्च २०२३ मध्ये तमिळनाडूत बिहारी मजुरांवर हल्ले होत असल्याच्या खोट्या चित्रफिती पसरवण्यात आल्या, आणि भेदरलेल्या कामगारांनी गावाकडची वाट धरली. ज्या मजुराला दिशा, दर आणि दाद या तिन्ही गोष्टी कोणी सांगत नाही, त्याला अफवा सर्व काही सांगून जाते.

महाराष्ट्रातील आणि सीमाभागातील वाचकांना फलकाचे राजकारण नवे नाही. बेळगावजवळच्या येळ्ळूर गावातला ‘महाराष्ट्र राज्य’ असा फलक जुलै २०१४ मध्ये न्यायालयाच्या आदेशावरून काढण्यात आला, गावकऱ्यांनी तो पुन्हा उभा केला आणि पोलिसांनी गावात लाठ्या चालवल्या. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला बेळगावचे अधिकृत नाव बेळगावी झाले. डिसेंबर २०२२ मध्ये सीमावाद पुन्हा पेटवण्यात आला तेव्हा एका बाजूला महाराष्ट्राच्या वाहनांवर दगड पडले आणि दुसऱ्या बाजूला कर्नाटकाच्या बसगाड्यांना काळे फासण्यात आले. मार खाल्ला तो चालक-वाहकांनी आणि खोळंबले ते सामान्य प्रवासी. सीमाभागातील मराठी जनतेची मागणी न्याय्य आहे आणि तिच्यावर चाललेल्या लाठ्यांचा निषेधच केला पाहिजे. परंतु कानडी चालकाच्या बसला काळे फासून त्या मागणीचे बळ तसूभरही वाढत नाही.

याच बेळगाववरून जाणारा ४८ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग पुढे बंगळूरवरून कृष्णगिरी आणि वेल्लोर भागातून चेन्नईला जातो. २०१७ मध्ये त्याच वेल्लोर आणि कृष्णगिरी जिल्ह्यांत महामार्गांवरच्या मैलाच्या दगडांवरील इंग्रजी नावे पुसून हिंदी नावे लिहिण्यात आली, आणि तमिळनाडूत संतापाची लाट उसळली. हा संताप रास्त होता. गावाचे नाव कोणत्या लिपीत लिहायचे हे गावाला न विचारता दिल्लीने ठरवणे म्हणजे रस्त्याच्या निमित्ताने भाषा लादणे होय.

यावर एक आक्षेप घेतला जाईल. बंगाली आणि बिहारी मजुरांची बाजू घ्यायची आणि हिंदी फलकांना विरोधही करायचा, हे कसे? यात विसंगती नाही. लादणे वेगळे आणि सोय करणे वेगळे. तमिळ पुसून वा खाली ढकलून लिहिलेली हिंदी ही सत्तेची खूण असते. तमिळ ठळक ठेवून, स्थानिक शासनाच्या संमतीने, जेथे परप्रांतीय मजूर उतरतात तेथे त्यांच्या भाषेत लिहिलेली सूचना ही शेजारधर्माची खूण असते. बिहारी मजुराला मैलाच्या दगडावरच्या हिंदीने मजुरी मिळत नाही. बस स्थानकावर त्याच्या भाषेत लावलेल्या किमान वेतनाच्या पाटीने ती मागण्याचे बळ येते.

नावांचा हट्ट श्रीमंत युरोपातही आहे. बेल्जियमच्या डच भाषक भागात फ्रान्समधल्या लील शहराकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्या शहराचे डच नाव ‘रेय्सेल’ लिहिलेले असते. भाषेची हद्द ओलांडली की फलकावरचे नाव बदलते आणि परका प्रवासी आपण वाट चुकलो असे समजतो. यातून घेण्याचा धडा सरळ आहे. शेजारच्या गावाचे नाव आपल्या भाषेत अवश्य लिहावे, आणि त्या गावचे लोक ते ज्या अक्षरांत लिहितात त्या अक्षरांतही लिहावे. विजापूरचा रस्ता दाखवताना सोलापूरच्या फलकावर कानडी अक्षरे असली तर मराठीचे काही उणे होत नाही. निपाणीच्या फलकावर कोल्हापूर मराठीत लिहिले तर कानडीचेही काही उणे होत नाही.

तंजावर याची साक्ष देते. तेथील बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरला गेला आणि तो आजही तेथे आहे. नागोरच्या दर्ग्याचा सर्वांत उंच मनोरा तंजावरच्या प्रतापसिंह राजाने बांधून दिला. ते राज्य राजांचे होते, रयतेचे नव्हे, आणि त्याचा गौरव करण्याचे कम्युनिस्टांना कारण नाही. परंतु मराठी अक्षरे भिंतीवर आहेत म्हणून तंजावर महाराष्ट्राचे होत नाही, आणि तमिळ माणूस ती अक्षरे पुसायलाही धावत नाही. उलट, ज्या राज्यात ती अक्षरे आहेत त्याला ‘तमिळनाडू’ हे नाव मिळावे यासाठी १९६० च्या दशकाच्या आरंभी राज्यसभेत विधेयक मांडले ते कॉ. भूपेश गुप्त या बंगाली कम्युनिस्टाने. सत्ताधाऱ्यांनी ते फेटाळले. १९६९ मध्ये तेच नाव त्यांना मान्य करावे लागले. जनतेच्या भाषेतले नाव फलकावर यावे म्हणून लढणे, आणि ते नाव दुसऱ्या भाषेच्या माणसाने लढून मिळवणे, ही कम्युनिस्टांची परंपरा आहे.

म्हणून सीमाभागांतील पक्षशाखांनी, किसान सभांनी आणि शेतमजूर संघटनांनी हा प्रश्न हाती घ्यावा. सीमेआधीच्या फलकावर पलीकडच्या मुख्य गावाचे नाव, अंतर, मार्गक्रमांक आणि जवळचे सरकारी इस्पितळ लिहिले गेले पाहिजे. नाव दोन्ही बाजूंच्या भाषांत असावे, स्थानिक भाषा प्रथम असावी, आणि त्याचा निर्णय दोन्ही राज्यांनी मिळून घ्यावा, दिल्लीने नव्हे. प्रत्येक सीमेवरील बस स्थानकावर शेतमजुरीचा किमान दर आणि तक्रार कोठे करायची याची पाटी लागली पाहिजे, आणि ज्यांच्या श्रमावर ती शेती चालते त्या मजुरांच्या भाषांत ती असली पाहिजे. ज्या दोन जिल्ह्यांतून एकच मजूर सकाळ-संध्याकाळ ये-जा करतो, तेथे मजुरीचा दरही एकच हवा.

या मागण्या लहान आहेत आणि कोणत्याही राज्याच्या तिजोरीला त्यांचा भार होणार नाही. तरीही त्या आपोआप मान्य होणार नाहीत, कारण पलीकडचा दर ठाऊक असलेला मजूर अलीकडच्या मालकाला परवडत नाही. कारैकलच्या वेशीवर असो की निपाणीच्या, सीमेच्या दोन्ही बाजूंच्या शेतमजुरांनी एकाच दिवशी, एकाच मागणीसाठी, आपापल्या तहसील कचेरीवर जावे. तो मोर्चा निघेल तेव्हा पुढचा रस्ता कोठे जातो हे सांगणारा पहिला फलक त्यांनी स्वतःच उभारलेला असेल.