फोन आपला, कुलूप कोणाचं?

गेल्या महिन्यात आमच्या वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका पालकांच्या नंबरवरून 'आरटीओ चलान' नावाची एपीके फाईल आली. ते बिचारे चाकणला सेकंड शिफ्टला. आपला फोन हॅक झालाय याचा त्यांना पत्ताच नाही! दोघांनी ती फाईल उघडलीसुद्धा. तेव्हापासून मोशीतले पालक मला विचारतात, "सर, स्टोअरबाहेरची ॲप्स कंपन्या बंदच का करत नाहीत?"

राग समजतो, पण मला हे पटत नाही. 1 मार्च 2024 आठवा. कमिशनच्या वादात गूगलने नोकरी, भारत मॅट्रिमनी अशी ॲप्स प्ले स्टोअरवरून काढली. सरकार मध्ये पडल्यावर ती परत आली. चाकण पट्ट्यात काम शोधणाऱ्याचा यात काय दोष? एकच दुकान असलं की असंच व्हायचं. युरोपात कायद्यामुळे ॲपलला 2024 पासून आयफोनवर दुसऱ्या स्टोअरला जागा द्यावी लागली. आपल्याकडे फोनपेचं इंडस ॲपस्टोअर आहे, तेही प्ले स्टोअरवर मिळत नाही. बाहेरचा रस्ता बंद केला, तर असल्या स्टोअरचं काय?

दार राहू द्या, कडी आपण लावू. अँड्रॉइडमध्ये अनोळखी ॲप इन्स्टॉल करायची परवानगी प्रत्येक ॲपसाठी वेगळी असते. व्हॉट्सॲप आणि ब्राउझरची तरी आजच बंद करा. सेटिंग सापडत नसेल तर शनिवारी पालकसभेला फोन घेऊन या, मिळून शोधू. मुलांना सोबत आणा, त्यांना ती आपल्याआधी सापडेल!