कोल्ह्याचे कातडे कोल्ह्याच्याच अंगावर बरे



उसाला तोड लागली आणि हरभऱ्याला घाटे धरले, की आपल्या नांदेड-लातूरकडे कोल्हे नजरेस पडू लागतात. लातूर जिल्ह्यात जंगल नावालाच. तिथे उभा ऊस हेच कोल्ह्याचे रान. फड मोकळा झाला की तो ओढ्याकाठी, गायरानात, नाहीतर शेजाऱ्याच्या तुरीत आसरा शोधत हिंडतो. मग पारावर गोष्टी निघतात. कोणाचे करडू गेले, कोणाची टरबुजे फोडली. त्यातच एखादा विचारतो, "बंदूकवाल्याला सांगून उडवावा का? आणि कातडे न फाटता हाती यावे, तर काडतूस कोणते घालावे?"

प्रश्न विचारला आहे, तर त्याचे उत्तर सरळ देऊ.

अमेरिकेत हा प्रश्न शिकाऱ्यांच्या रोजच्या बोलण्यातला आहे. तिकडे कोल्ह्याच्या कुळातला कायोटी नावाचा प्राणी आहे. बर्फाच्या थंडीत त्याच्या अंगावर दाट, मऊ लव येते. ते कातडे थंडीच्या कोटाच्या टोपीला कडेने लावतात. म्हणून तिकडचा शिकारी गोळी निवडताना दोन भोके डोळ्यांपुढे ठेवतो : एक आत शिरतानाचे, दुसरे बाहेर पडतानाचे. जड गोळी आरपार गेली तर पलीकडची बाजू फाडून निघते आणि कातड्याची किंमत जाते. त्यासाठी ते बारीक व्यासाची, हलकी, टोकाला पोकळ अशी रायफलची गोळी घेतात. ती आत शिरताच फुटते, बाहेर पडत नाही, आणि कातड्याला एकच बारीक भोक राहते. पण हा धंदा आता तिकडेही पूर्वीचा राहिलेला नाही. कायोटीच्या लवेचे कोट करणाऱ्या 'कॅनडा गूज' या मोठ्या कंपनीने २०२१ साली लवेचा वापर बंद करण्याचे जाहीर केले.

आता आपल्या गावात या. इथे पहिली अडचण बंदुकीची. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पिकाच्या राखणीसाठी सांगितली आहे ती ठासणीची बंदूक. तेवढ्याने भागत नाही अशी अधिकाऱ्याची खात्री झाली, तरच साध्या नळीची दुसरी बंदूक मिळते. रायफलच्या नळीत आतून पेचदार खाचा असतात, त्यामुळे गोळीला फिरकी मिळते आणि ती नेमकी जाते. साध्या नळीतून छर्रे सुटतात आणि पुढे पुढे पसरत जातात. बारीक छर्ऱ्याचे काडतूस घातले तर कातड्याची चाळणी होते. शिवाय लांबून मारले तर कोल्हा मरत नाही, जखमी होऊन पाचटात शिरतो आणि तिथे दोन-चार दिवस कुजत मरतो. मोठा छर्रा घातला तर भोके थोडी पण मोठी, आणि चुकलेला छर्रा बांधापलीकडच्या म्हशीला किंवा खुरपणाऱ्या बाईला लागायचा. म्हणजे कातडे राखील असे काडतूस आपल्या गावच्या बंदुकीला नाहीच.

दुसरी अडचण कातड्याचीच. आपल्या उष्ण मुलखातल्या कोल्ह्याचे केस राठ आणि विरळ. त्यात ऊब नाही आणि मऊपणाही नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत मोठी, ती कायद्याची. वडीलधाऱ्यांना बहात्तरचा दुष्काळ आठवत असेल. त्याच १९७२ साली, सप्टेंबरात, वन्यजीव संरक्षण कायदा झाला. १९७६ साली आपला देश वन्य प्राण्यांच्या व्यापारावर बंधन घालणाऱ्या जागतिक करारात सामील झाला. पुढे १९९१ च्या दुरुस्तीने परवाना काढून हौसेची शिकार करणेही संपले. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. तिने कोल्हा पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघ-बिबट्याच्या यादीत बसवला. या यादीतला प्राणी मारला तर शिक्षा कमीत कमी तीन वर्षे, जास्तीत जास्त सात वर्षे कैद, आणि दंड पंचवीस हजारांपेक्षा कमी नाही. बंदुकीचा परवाना कोर्ट रद्द करू शकते. तसे झाले तर पुढची पाच वर्षे तो पुन्हा मिळत नाही.

इथे पुष्कळांचा एक गैरसमज आहे. "माझ्याकडे पीक राखणीचा परवाना आहे, मग मला कोण विचारणार?" बाबांनो, तो परवाना बंदूक बाळगण्याचा आहे, प्राणी मारण्याचा नव्हे. रानडुक्कर आणि रोही यांनी पिकाची नासाडी केली तर वनाधिकाऱ्याकडे अर्ज करून त्यांना मारण्याची परवानगी मागता येते. पण पहिल्या यादीतल्या कोल्ह्याला पिकाच्या नुकसानीसाठी तीही सवलत नाही.

आणि हेही ऐकून ठेवा. रस्त्यावर गाडीखाली मेलेला कोल्हा सापडला तरी त्याचे कातडे तुमचे नाही. मेलेला वन्य प्राणी ही सरकारची मालमत्ता आहे. तो ताब्यात आला तर ४८ तासांच्या आत पोलीस ठाण्यात किंवा वनविभागाला कळवावे लागते. "मी मारला नाही, नुसता सोलला" असे सांगून सुटका होत नाही.

सोलण्यावरून आणखी एक. कोल्ह्याला रेबीज होतो. २०२४ साली मुंबईत चेंबूरच्या बाजूला मेलेल्या कोल्ह्याला तो झाल्याचे तपासणीत निघाले. भर दिवसा, न भिता माणसांत येणारा कोल्हा दिसला की धीट झाला असे समजू नका, आजारी समजा. मुलांना घरात घ्या, जनावरे बांधा आणि वनविभागाला कळवा. मेलेल्याला उघडा हात लावू नका. हाताला बारीक चीर असली आणि तिला लाळ लागली, तरी धोका आहे. चावला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करा. हळद, चुना, मिरची भरत बसू नका. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस वाचत नाही असे समजूनच वागा.

मायबहिणींसाठी एक वेगळी सूचना. दारावर, बाजारात, जत्रेत 'कोल्ह्याचे शिंग' विकणारे येतात. घरात ठेवले की लक्ष्मी नांदते, कोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागतो, असे सांगतात. कोल्ह्याला शिंग नसते. केसाळ कातड्याचा तुकडा आवळून, आत काहीतरी टणक घालून ते बनवतात. त्या तुकड्यासाठी कोल्हे मारले जातात. खोटे निघाले तर पैसे गेले, आणि खरे कातडे निघाले तर घरात गुन्हा येऊन बसला. दोन्हीकडून नुकसानच.

मग कोल्ह्याचे करायचे काय? आधी त्याचे काम पाहा. आपल्याकडे म्हण आहे, कोल्हा काकडीला राजी. ती खरी आहे. तो बोरे, टरबूज, भुईमूग, मका, ऊस सारे खातो. पण त्याचे मोठे खाणे उंदीर-घुशींचे आणि मेलेल्या जनावरांचे. हरभऱ्यात, गव्हात, भुईमुगात उंदराने बिळात नेलेला माल आपल्याला दिसत नाही, फोडलेले टरबूज तेवढे दिसते. गिधाडे गेली, तेव्हापासून रानातली घाण उचलणारे थोडेच उरले आहेत. त्यांत हा एक.

राखण करायची ती अशी. करडे-कोकरे रात्री उघड्यावर ठेवू नका. कूड खालून दगडांनी बंद करा, कारण कोल्हा बहुधा खालून शिरतो. शेळी व्यायली की वार आणि मेलेले पिलू लांब नेऊन खोल पुरा. कोंबड्यांची पिसे-आतडी गोठ्यामागे टाकू नका. त्या वासानेच तो घर शिकतो. टरबुजाला फळ पिकू लागले की पंधरा दिवस माळ्यावर राखण ठेवा, कंदील आणि कुत्रा पुरतो. कुत्र्याला मात्र रेबीजची लस टोचून घ्या.

तारेत वीज सोडणे आणि गोळ्यात स्फोटक भरून ठेवणे हे दोन प्रकार तर अजिबात नकोत. तारेला पहाटे पाणी द्यायला गेलेला आपलाच माणूस चिकटतो. गोळा आपलीच गाय चघळते आणि तिचा जबडा जातो.

ऊसतोडीत कोल्ह्याची पिले सापडली तर उचलून घरी आणू नका. तेवढा पट्टा त्या रात्रीपुरता सोडा. आई बहुधा अंधारात येऊन त्यांना हलवते. कोल्ह्याने करडू मारलेच, तर ते जागचे हलवू नका. लगेच वनरक्षकाला किंवा वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा आणि पंचनामा करून घ्या. वाघ-बिबट्याप्रमाणे लांडगा, तरस, कोल्हा यांनी मारलेल्या पाळीव जनावरांचीही भरपाई आहे. अर्ज करणाऱ्यालाच ती मिळते.

तेव्हा काडतुसाचा खर्च वाचवा आणि त्या पैशात गोठ्याचा कूड नीट करून घ्या. कातडे कोल्ह्याच्या अंगावर असेल तोवर तो तुमच्या बांधावर फुकट उंदीर मारतो. ते तुमच्या घरात आले, तर घरचा कर्ता तीन वर्षे तुरुंगात जायचा.