थकलेला पगार आणि मालकाची अटक : कायद्यात नेमकं काय आहे?

"मालकाला आत टाका, पगार आपोआप निघेल." आजऱ्यात मजुरी थकल्याचा विषय निघाला की हे ऐकू येतंच. राग चुकीचा नाही. अटकेची तरतूदही आहे, पण ती पोलीस ठाण्यात नाही, तहसील कचेरीत आहे.

21 नोव्हेंबर 2025 पासून वेतन संहिता लागू झाली. तिच्यात कमी पगार देणाऱ्याला पहिल्या वेळी 50 हजारांपर्यंत फक्त दंड आहे. पाच वर्षांत पुन्हा तेच केलं तरच तीन महिन्यांपर्यंत कैद. दंड सरकारजमा होतो, त्याने कामगाराची चूल पेटत नाही. त्याच्या उपयोगाचं आहे ते कलम 45. दाव्याला आता तीन वर्षांची मुदत आहे, जुन्या कायद्यात एकच वर्ष होतं. थकलेल्या रकमेवर दहा पटीपर्यंत भरपाई मागता येते. हुकूम होऊनही मालक हलला नाही, तर वसुली दाखला जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो आणि रक्कम जमीन महसुलाची थकबाकी म्हणून वसूल होते.

उसाची एफआरपी थकली की साखर आयुक्त 'आरआरसी' काढतात, हे आपल्या भागात शाळकरी पोरालाही माहीत असतं. रस्ता तोच. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 मध्ये जप्ती आणि लिलावासोबत कलम 183 ची अटकही आहे. थकबाकीदाराला दहा दिवस कचेरीत ताब्यात ठेवता येतं, आणि त्याच्या जेवणाचा खर्चसुद्धा त्याच्याच नावावर!

मग सरसकट अटक का नको? 1980 मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की केवळ देणं फिटत नाही म्हणून माणसाला तुरुंगात घालता येणार नाही. ऐपत असून तो बुडवतोय हे दिसलं पाहिजे. मला हे पटतं. काजूचा छोटा कारखाना खरंच बुडाला असेल तर मालकाला कोंडून बायकांची मजुरी निघणार नाही. शेड दुसऱ्याच्या नावावर करून हात वर करणाऱ्याची गोष्ट वेगळी. मालक म्हणजे कंपनी असेल तर मात्र संचालकाला हात लावणं इतकं सोपं नसतं.

खरी अडचण त्याआधीच येते, ती कागदाची. किलोवर काजू सोलणाऱ्या बाईची हजेरी मालकाच्या वहीत असते, तिच्याकडे काहीच नसतं. यूएईने 2009 पासून पगार बँकेमार्फत द्यायला लावले, कारण खात्यावर नोंद असली की थकबाकी लपत नाही. तेव्हा मजुरी खात्यावर मागा, रोजचे किलो स्वतः लिहून ठेवा, वहीच्या पानाचा मोबाईलवर फोटो काढा. ठेकेदार पळाला तर कलम 43 प्रमाणे ज्याची आस्थापना, तो जबाबदार.

आणि हो, मालक आपल्यातही आहेत. घाम सुकायच्या आत मजुरी द्यावी हे आपण मुलांना शिकवतो, आणि ईदच्या तोंडावर बेकरीतल्या किंवा गॅरेजमधल्या पोराला "पुढच्या जुम्म्याला ये" सांगतो. कलम त्यालाही तेच लागू आहे.

दावा कामगार स्वतः करू शकतो, त्याची नोंदणीकृत युनियन किंवा निरीक्षकही करू शकतो. चौकशीची सुरुवात कोल्हापूरच्या सहायक कामगार आयुक्त कार्यालयातून करावी.